उतारावरचे लाकडी घर, समोर समुद्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली, गुहागर, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात समुद्राकडे उतरणाऱ्या जागेवर कमी विजेत चालणारे लाकडी घर बांधू पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न सोलर, काच किंवा एसीविषयी असतो. आमचे उत्तर मात्र घर जागेवर कसे वळवून बसवले आहे तेथपर्यंत मागे जाते, कारण या किनाऱ्यावर देखावा, दुपारचे ऊन, पावसाची झड आणि वादळी वारा ही चारही पश्चिमेच्या बाजूनेच घरावर येतात.

अशा उतारावर बांधकामाला परवानगी मिळते का?

जागेचा व्यवहार करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम. भरतीरेषेपासून जमिनीकडचा 500 मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांच्या कक्षेत येतो. 2019 च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर पहिले 200 मीटर ना-विकास क्षेत्र धरले जाते. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोक असतील तेथे, हे अंतर 50 मीटर आहे. आपली जागा कड्यावर साठ मीटर उंच असल्याने आपल्याला नियम लागत नाही, असा समज वारंवार आढळतो. तो चुकीचा आहे. अंतर नकाशावर आडवे मोजतात, उंचीची सूट त्यात नाही.

दुसरी गोष्ट उताराची. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत 1:5 किंवा त्याहून तीव्र उतारावर खोदाई, भराव आणि बांधकाम यांवर कडक बंधने आहेत. 1:5 म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली, अंशांत सुमारे 11. डोळ्याला हा उतार फारसा वाटत नाही. उताराच्या दिशेने नऊ मीटर लांब असलेल्या घराखाली मात्र तो 1.8 मीटरचा फरक पाडतो, म्हणजे पुढच्या बाजूला घराखालून माणूस चालत जाऊ शकतो. त्यामुळे मोजणीदाराकडून अर्ध्या मीटरच्या अंतराने समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढलेला नकाशा करून घ्यावा आणि जागेतील कमी उताराची पट्टी कोठे आहे ते पाहूनच नगररचना कार्यालयात जावे. बिगरशेतीचे काम त्यानंतरचे.

जेसीबीने एक सपाट पट्टी काढून घेतली तर काम सोपे होणार नाही का?

बांधण्याचे काम सोपे होते, पुढचे प्रत्येक पावसाळे अवघड होतात. कोकणातल्या जांभ्याचा वरचा थर उन्हावाऱ्याने घट्ट झालेला असतो. त्याच्याखाली बहुधा मऊ, पांढरट-तांबूस, चिकणमातीसारखा थर असतो आणि पाणी मुरले की त्याची ताकद झपाट्याने कमी होते. वरचे कवच कापून उभी भिंत मोकळी केली, की नेमका तो मऊ थर पावसासमोर उघडा पडतो. शिवाय कापलेली माती समुद्राच्या बाजूला ढकलून पुढचे अंगण केले जाते, आणि अर्धे घर मूळ जमिनीवर तर अर्धे भरावावर अशी बैठक तयार होते. अशा घराला तडा कोठे जाणार हे आधीच सांगता येते.

लाकडी चौकटीचा खरा फायदा येथेच आहे. चिऱ्याच्या भिंतीला सलग पाया लागतो. हलक्या चौकटीला सुटे पाये चालतात. प्रत्येक खांबाखाली पक्क्या थरापर्यंत खोदून काँक्रीटची बैठक, तिच्यावर जमिनीपासून किमान दीड फूट उंच पेडेस्टल (आखूड आधारखांब) आणि त्यावर खांब, अशी रचना केली तर मूळ उतार, झाडांची मुळे आणि पाण्याच्या वाटा जवळजवळ तशाच राहतात. घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून दोन-तीन मीटर दूर, चंद्रकोरीसारखा वळलेला चर खणून डोंगराचे पाणी दोन्ही बाजूंनी वहाळाकडे काढून द्यावे. हा चर सर्वांत स्वस्त असतो आणि अंदाजपत्रकातून सर्वांत आधी वगळला जातो, हे आमचे जुने दुखणे आहे.

घराचे तोंड सरळ समुद्राकडे ठेवावे का?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

उन्हाचा हिशोब आधी पाहू. रत्नागिरी साधारण 17 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेला सुमारे 50 अंशांवर असतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तो बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तर मध्यान्ही थोडा उत्तरेला असतो. म्हणून दक्षिण आणि उत्तर भिंतींना मीटरभर पुढे आलेली वळचण पुरते. पश्चिमेचे तसे नाही. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून जेमतेम 31 अंशांवर असतो आणि 2.1 मीटर उंचीच्या काचेवर सावली पाडायला साडेतीन मीटर पुढे आलेले छप्पर लागते. तासाभराने तेही अपुरे पडते. मासिकांत दिसणारी, समुद्राकडे पूर्ण काच असलेली दिवाणखान्याची भिंत या किनाऱ्यावर संध्याकाळी सातपर्यंत एसी मागते. बहुतेक घरांत मग त्या काचेवर जाड पडदा कायमचा ओढलेला असतो, म्हणजे देखावाही गेला.

तेव्हा घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि आखूड बाजू पश्चिमेला असावी, असे ऊन सांगते. पण उतार पश्चिमेकडे आहे. लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवली, की पुढचे खांब उंच होतात आणि खर्च वाढतो. समोच्च रेषेला धरून आडवे घर बांधले, की संपूर्ण लांबी पश्चिमेच्या उन्हात येते. ऊन आणि जमीन यांचे म्हणणे परस्परविरुद्ध आहे, आणि दोघांपैकी एकाचेच ऐकले तर घर फसते.

आम्ही अनेकदा वापरतो तो मार्ग असा: एक लांब घर न करता दोन-तीन लहान भाग करावेत आणि ते पायऱ्यांसारखे उतरवावेत. 1:5 च्या उतारावर दर साडेचार मीटरला 90 सेंटीमीटर, म्हणजे पाच-सहा पायऱ्या, एवढा फरक पुरतो. प्रत्येक भागाचे आढे, म्हणजे छपराचा माथ्याचा वासा, पूर्व-पश्चिम ठेवावे, त्यामुळे छपराच्या उतरत्या बाजू उत्तर आणि दक्षिणेला येतात. संपूर्ण रचना किंचित वायव्येकडे, वीस-पंचवीस अंशांपर्यंत वळवावी. दुपारचे खारे वारे येथे पश्चिम-वायव्येकडून येतात आणि पावसाळी झड मुख्यतः नैऋत्येकडून. त्यामुळे घर वाऱ्याला तोंड आणि पावसाला खांदा देते. मे महिन्यात सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे मावळतो, म्हणून त्या अंगाला उभ्या फळ्यांची उघडझाप होणारी झडपे लावावीच लागतात, ही या वळणाची किंमत आहे.

नैऋत्य कोपऱ्यात खिडकी नको. तेथे न्हाणीघर, कोठीची खोली आणि जिना घालावा आणि ती भिंत खुशाल जांभ्या चिऱ्याची करावी. घर शंभर टक्के लाकडीच असले पाहिजे, हा हट्ट आम्हाला पटत नाही. समुद्र पाहायचा तो पश्चिमेच्या खोल पडवीत बसून पाहावा. आपल्या जुन्या घरांत माणसे दिवसभर बसत ती पडवीत आणि ओटीवरच.

लाकडाच्या भिंती पातळ असतात, मग घर तापत नाही का?

सागासारख्या लाकडाची उष्णतावाहकता काँक्रीटच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी असते. पण त्याहून महत्त्वाची बाब ही, की लाकडी भिंत उष्णता साठवून ठेवत नाही. देशावर, जेथे दिवस तापतो आणि रात्र चांगली थंड होते, तेथे जाड मातीची किंवा दगडाची भिंत उपयोगी पडते. किनाऱ्यावर दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक थोडा असतो, त्यामुळे दिवसभर तापलेली जड भिंत रात्री दोनपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. हलकी भिंत सूर्य मावळल्यावर तासाभरात निवते आणि जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे सुटले की झोपण्याजोगी खोली मिळते. त्यासाठी पूर्वेच्या, म्हणजे डोंगराकडच्या भिंतीतही झरोके हवेत. सगळ्या खिडक्या समुद्राकडे ठेवणाऱ्यांना रात्रीचा वारा मिळत नाही.

इको निवास संहिता 2018 या घरांसाठीच्या ऊर्जाबचत संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के असावे असे सांगितले आहे, आणि ते कोरड्या प्रदेशाच्या 10 टक्क्यांपेक्षा बरेच जास्त आहे. येथे शब्द ‘उघडता येणाऱ्या’ असा आहे. सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. अंगावरून सेकंदाला एक मीटर वेगाने वारा गेला तर दोन-तीन अंशांनी कमी गरम वाटते आणि त्यासाठी तीस-पस्तीस वॅटचा, कमी विजेत चालणारा बीएलडीसी पंखा पुरतो.

छप्पर कशाचे असावे, आणि वादळात ते टिकेल का?

कौलांचे छप्पर उष्णतेच्या दृष्टीने चांगले, कारण कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. मंगलोरी कौलांचे वजन चौरस मीटरला साधारण चाळीस किलो भरते. आता वाऱ्याचा हिशोब मांडू. भारतीय मानकात गोव्याच्या किनाऱ्यासाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर आणि मुंबईसाठी 44 मीटर धरला आहे. 39 मीटर वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे 93 किलो वजनाइतका होतो. वारा छपरावरून जाताना वरच्या दिशेने ओढ लावतो, आणि कडा-पाखाडीच्या माथ्यावर तर वेग 36 टक्क्यांपर्यंत वाढवून धरावा लागतो; दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तो तेथे 1.85 पट होतो. चाळीस किलोची कौले केवळ स्वतःच्या वजनाने बसून राहतील ही अपेक्षा चुकीची आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत जे घडले ते याच गणिताचे प्रात्यक्षिक होते.

म्हणून पहिली काळजी जागेच्या निवडीत घ्यावी: घर कड्याच्या अगदी ओठावर नको, थोडे मागे किंवा माथ्याच्या खाली हवे. दुसरी काळजी सांध्यांची. कौल रिपेला, रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब पायाला, अशी साखळी सलग बांधलेली असली पाहिजे, आणि त्यातला सर्वांत कच्चा दुवा बहुधा वासा-तुळईचा असतो, कारण तेथे सुतार सवयीने एकच खिळा तिरका मारतो. वळचणीजवळच्या तीन आणि आढ्याजवळच्या दोन ओळींतील प्रत्येक कौल तारेने बांधावे. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे, स्वतःच्या तुळईवर ठेवावे. उद्या पडवी उडाली तरी घर झाकलेले राहील.

कौलांखाली थेट माळा न ठेवता 50 मिमी हवेची पोकळी, फळ्या आणि त्यांच्याखाली रॉकवूलसारखा थर द्यावा. संहितेला छपरासाठी 1.2 हा यू-मूल्याचा (छपरातून किती उष्णता आत येते त्याचे माप) कमाल आकडा मान्य आहे आणि 25 मिमी चांगल्या थराने तो सहज गाठला जातो. 50 मिमी घातल्यास ते मूल्य साधारण निम्म्यावर येते. त्यापुढे पैसे घालण्यात अर्थ नाही. युरोपातली 200 मिमीची शिफारस थंडीसाठी आहे.

लाकूड कोणते घ्यावे?

उघड्यावरच्या खांबांसाठी आणि तुळयांसाठी साग, किंवा स्थानिक किंजळ आणि ऐन. आतल्या फळ्या, कपाटे यांसाठी फणस आणि शिवण. पाडलेल्या जुन्या घरांचे लाकूड मिळाले तर उत्तम, कारण ते पुरते मुरलेले असते, पुन्हा वाकत नाही. घेताना मात्र जुन्या सांध्यांच्या खाचा कोठे आहेत ते पाहून उरलेल्या जाडीचाच हिशोब धरावा. स्वतःच्या रानातले झाड तोडणार असाल तर 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाखाली वनखात्याची परवानगी आणि वाहतुकीचा पास लागतो. साग, खैर, किंजळ, फणस ही झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. आयात पाईन स्वस्त पडतो, पण दाबाखाली औषध मुरवलेला नसेल तर या हवेत तो बाहेर वापरू नये, केवळ वरून ब्रशने लावलेल्या औषधावर विसंबू नये.

वाळवी आणि कुजणे कसे टाळावे?

लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणाऱ्या बुरशीला त्यात वाढता येत नाही. म्हणजे प्रश्न औषधाचा कमी आणि तपशिलाचा जास्त आहे. लाकूड भिजू नये असे नाही. भिजल्यावर ते सुटसुटीत वाळले पाहिजे.

एक अनुभव सांगतो. आमच्या सुरुवातीच्या एका घरात खांबाच्या बुडाशी मोकळी फट ठेवली होती. काम संपता संपता गवंड्याने ती ‘नीट दिसावी’ म्हणून सिमेंटने छान गोलाई देऊन बुजवली, आणि आमच्याही ते लक्षात आले नाही. पहिल्याच पावसाळ्यानंतर सुताराने त्या खांबांवर हातोडीचे दांडके वाजवत नेले. वर टणटण वाजणारा ऐन खाली येता येता बदबद वाजू लागला आणि सिमेंट फोडल्यावर चाकूचे पाते बुडाच्या चार बोटांत ओल्या भाकरीत जावे तसे शिरले. खांबाचा बाकी भाग ठणठणीत होता. जुने सुतार खांब दगडी तळखड्यावर नुसता उभा करीत आणि त्याच्याभोवती काही लिंपीत नसत, त्याचे कारण त्या दिवशी कळले.

तेव्हा खांबाचे बूड धातूच्या बुटात, पेडेस्टलपासून वीस-पंचवीस मिमी उचललेले असावे. पेडेस्टलच्या माथ्यावर बाहेर वाकवलेला पत्रा असावा. वाळवीला त्यावरून वळसा घालून मातीची नळी बांधावी लागते आणि ती दिसते. घराखालची जागा मोकळी, कोरडी आणि वाकून तपासता येईल इतकी उंच हवी. तेथे जळाऊ लाकडे रचू नयेत. पूर्वी चुलीचा धूर कौलांतून वर जाताना वाशांना किडीपासून राखत असे. तो गेला, म्हणून आढ्याजवळ हवा खेळती ठेवणारे झरोके आता मुद्दाम द्यावे लागतात.

खिळे, बोल्ट आणि बिजागऱ्या कोणत्या?

समुद्रासमोर 316 दर्जाचे स्टेनलेस किंवा पितळ. साधा जस्तलेपित बोल्ट खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजतो आणि सागातील द्रव्यांशी मिळून काळे ओघळ काढतो. जेथे जमेल तेथे कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) आणि लाकडी खुंटीचा सांधा अजूनही चांगलाच; फक्त वर सांगितलेली वादळाची ओढ घेणाऱ्या सांध्यांत धातूची पट्टी हवीच.

एक खोली तरी एसीची हवी. चालेल का?

चालेल, परंतु ती खोली ठरवून, पूर्व किंवा उत्तर बाजूला, स्वतंत्र बंद डब्यासारखी करावी. येथे एक चूक हमखास होते. थंड देशांतील आकृत्या पाहून प्लास्टिकचा ओलरोधक पडदा भिंतीच्या आतल्या बाजूने लावला जातो. कोकणात दमट हवा बाहेर असते आणि थंड पृष्ठभाग आत. बाष्प बाहेरून आत शिरते, त्या पडद्यावर पाणी होऊन थांबते आणि भिंतीच्या पोटात बुरशी धरते. पडदा लावायचाच असेल तर तो बाहेरच्या अंगाला लावावा, आतले अस्तर श्वास घेणारे ठेवावे, आणि एसी 26 अंशांच्या खाली नेऊ नये.

पाण्यासाठी पंप किती चालवावा लागेल?

उताराचा उपयोग केला तर फार थोडा. 120 चौरस मीटर छपरावर 3000 मिमी पावसात साडेतीन लाख लिटरच्या वर पाणी पडते, एकाच दिवशी 200 मिमी पाऊस झाला तर 24,000 लिटर. पन्हळी आणि नळ्या त्या एका दिवसासाठी मोजाव्यात, वर्षाच्या सरासरीसाठी नव्हे. पायऱ्यांसारखे घर असल्यास वरच्या भागाचे पाणी डोंगराच्या अंगाला बांधलेल्या टाकीत घ्यावे. ती खालच्या भागातील न्हाणीघर आणि बागेपेक्षा उंचावर राहते आणि पाणी आपसूक उतरते. एप्रिल-मेमध्ये विहीर आटते तेव्हा वीस-तीस हजार लिटरच्या फेरोसिमेंट टाकीचे मोल कळते. सांडपाण्याचा शोषखड्डा मात्र घराच्या पायांपेक्षा उताराच्या वरच्या अंगाला कधीही नको.

सोलर किती बसवावे?

एक किलोवॅटपासून वर्षाकाठी सरासरी दिवसाला चार युनिट मिळतात, जुलै-ऑगस्टमध्ये बरेच कमी. सावली आणि वारा साधलेल्या घराला दोन किलोवॅट बहुधा पुरतात, आणि पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 रुपये अनुदान आहे. आढे पूर्व-पश्चिम असल्याने दक्षिणेची पाखी आयती मिळते. पॅनेलचे पाय कौलांवर नव्हे, खालच्या वाशांना बांधावेत.

आगीची भीती किती धरावी?

जाड लाकूड पृष्ठभागावर कोळसा धरत हळूहळू जळते. कठीण लाकडात हा वेग मिनिटाला साधारण अर्धा मिमी असतो. 150 मिमीचा खांब अर्ध्या तासाच्या आगीनंतरही 120 मिमी शिल्लक राहतो. धोका पातळ फळ्यांचा आणि वायरिंगचा असतो. वायर लाकडात दाबू नयेत, नळीतून आणि उघड्या न्याव्यात. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. त्याचा खड्डा न्हाणीघराच्या पाण्याने ओला राहणाऱ्या जागी घ्यावा.

दरवर्षी काय करावे लागते?

मे महिन्यात पन्हळी साफ करणे, सरकलेली कौले बसवणे, चर उपसणे आणि घराखाली शिरून वाळवीच्या नळ्या पाहणे. पश्चिमेच्या फळ्यांना दोन-तीन वर्षांनी तेल. ऑक्टोबरमध्ये, आकाश मोकळे झाल्यावर, सगळ्या खिडक्या-झडपा दोन दिवस सताड उघड्या ठेवाव्यात आणि प्रत्येक खांबाच्या बुडाशी हातोडीचे दांडके वाजवून पाहावे.